आता हे कोणाच्या हातात आहे?

प्रश्न : आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. दोन डेव्हलपर, एक टेस्टर, सपोर्टला एक मुलगी आणि मी. जिरामध्ये (कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) कामाच्या स्थितीसाठी ११ स्टेटस करून ठेवलेत : न्यू, ओपन, टू डू, बॅकलॉग, इन प्रोग्रेस, कोड रिव्ह्यू, फिक्स्ड, रिझॉल्व्ड, टेस्टिंग, ऑन होल्ड, क्लोज्ड. तरी रोज सकाळी प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन ‘त्याचं काय झालं?’ विचारावंच लागतं. ताई, यातले कोणते ठेवावेत?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिली चार नावं वाचून हसू आलं. चारही जणी एकच सांगतात, अजून कुणी हात लावलेला नाही.

खरी गोम ‘फिक्स्ड’ आणि ‘रिझॉल्व्ड’मध्ये आहे. मी टेस्टर होते तेव्हा आमचं सॉफ्टवेअर दूध संकलन केंद्रांवर चालायचं. पावतीवर फॅट ४.१ ऐवजी नुसतं ४ छापून येत होतं. डेव्हलपरने कोड बदलला आणि इश्यू, म्हणजे त्या तक्रारीची नोंद, ‘रिझॉल्व्ड’ केला. सपोर्टच्या बाईंनी ते पाहून केंद्रावर फोन केला, ‘झालं हो दुरुस्त.’ दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला केंद्रचालकांचा फोन. मागे किटल्यांचा आवाज, पावतीवर पुन्हा ४. नवी आवृत्ती त्यांच्या मशीनवर चढलीच नव्हती. ते शांतपणे म्हणाले, ‘बाई, तुमच्यात दुरुस्त म्हणजे नक्की काय?’

तेव्हापासून मी प्रत्येक स्टेटसला एकच प्रश्न विचारते : आता हे कोणाच्या हातात आहे? हात बदलत नसेल तर वेगळं स्टेटस नको. तुमच्यासाठी एवढी पुरेत : ‘करायचं’, ‘चालू’, ‘तपासणीला’, ‘द्यायचं’ आणि ‘पोचलं’. टेस्टरने पास केलं की ‘द्यायचं’. ग्राहकाच्या मशीनवर चढलं की मगच ‘पोचलं’. सहावं हवंच असेल तर ‘ग्राहकाला विचारलंय’, कारण तिथे पाठपुरावा सपोर्टकडे जातो. कोड रिव्ह्यूत (एकाचा कोड दुसऱ्याने तपासणं) हात बदलतो हे खरं, पण दोघंच डेव्हलपर असाल तर तो खुर्ची वळवून होतो. ‘चालू’मध्येच राहू द्या. रिव्ह्यूसाठी कामं दोन-दोन दिवस पडून राहायला लागली की त्याला वेगळा रकाना काढा.

‘ऑन होल्ड’ मात्र आजच काढा. ती माळ्यावरची अडगळ असते, वर गेलेलं खाली येत नाही. काम अडलं असेल तर ते आहे त्याच रकान्यात ठेवून जिरातला फ्लॅग (अडल्याची खूण) लावा आणि कशासाठी, कोणासाठी थांबलंय ते कॉमेंटमध्ये लिहा.

काम का बंद झालं, हे स्टेटसमध्ये कोंबू नका. १९९८ साली सगळ्यांसाठी खुल्या झालेल्या बगझिला या दोष नोंदवायच्या सॉफ्टवेअरनेही ‘रिझॉल्व्ड’ हे स्टेटस आणि ‘फिक्स्ड’, ‘डुप्लिकेट’, ‘वोंटफिक्स’ (दुरुस्त करणार नाही) ही कारणं वेगळी ठेवली होती. जिरामध्येही या कारणासाठी रिझोल्यूशन असं स्वतंत्र फील्ड असतं. (जिरा हे नाव ‘गोजिरा’वरून, म्हणजे गॉडझिलाच्या जपानी नावावरून आलं, तेही बगझिलाला धरूनच.) पण इथे एक खड्डा आहे. बंद केलेलं काम पुन्हा ‘चालू’त आणलं आणि रिझोल्यूशन पुसायचं राहिलं, तर जिरा ते सुटलेलंच मानतो. उघड्या कामांच्या यादीत ते दिसत नाही आणि तुम्ही पुन्हा टेबलाटेबलाशी हिंडता. वर्कफ्लो (कामाची एका स्टेटसवरून दुसऱ्यावर जायची वाट) करणाऱ्याला सांगून परतीच्या वाटेवर ते फील्ड आपोआप रिकामं करून घ्या.

नावं ठरवायला सपोर्टच्या मुलीला जरूर बसवा. ‘पोचलं’ हा शब्द आमच्या सपोर्टच्या बाईंचाच. डेव्हलपर मंडळींनी नाक मुरडलं, म्हणे ‘डिप्लॉइड’ ठेवा. मग त्यांना आठवडाभर सकाळी सहाचे फोन घ्यायला बसवलं. गुरुवारी त्यांनीच नाव बदलून टाकलं.