डॉक्टरांसमोर ठणठणीत चालणाऱ्या वडिलांची सेन्सर लावून तपासणी करावी का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना तीन वर्षांपासून कंपवात (पार्किन्सन्स) आहे, घरात दोनदा पडले, दवाखान्यात मात्र तरातरा चालून दाखवतात. आता सेन्सर लावून चालणं मोजायला सांगितलंय, तर त्यात पैसे घालवावेत का?

मी नाशिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. लकव्याचे आणि कंपवाताचे पेशंट हेच माझं रोजचं काम. आधी एक सांगतो, वडील नाटक करत नाहीयेत. कंपवातात मेंदूतली आपोआप पावलं टाकणारी यंत्रणा ढिली पडते. समोर डॉक्टर उभे असले की माणूस लक्ष देऊन, ठरवून चालतो, आणि तेवढ्यापुरतं चालणं सुधारतं. घरी असं कोण लक्ष देतं?

आता यंत्राचं. मोठ्या लॅबमध्ये सांध्यांवर चमकणाऱ्या छोट्या गोळ्या चिकटवतात, भोवती इन्फ्रारेड कॅमेरे असतात, जमिनीत दाब मोजणाऱ्या प्लेट असतात. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडलेल्या मुलांचं ऑपरेशन ठरवताना ते फार कामाचं. तुमच्या वडिलांसाठी एवढा थाट बहुधा लागणार नाही. तुम्हाला सांगितलेत ते घोट्याला आणि कमरेला पट्ट्याने बांधायचे छोटे सेन्सर. मोबाइल आडवा केला की स्क्रीन फिरते ना, त्याच जातीचे. एक पाऊल आणि पुढचं पाऊल यांच्या वेळेत किती फरक पडतो, वळायला किती सेकंद लागतात, हे ते मोजतात. लंगडणं मला डोळ्यांनी दिसतं. पण पावलांची लय थोडीथोडी बिघडत चाललीय, हे वीस वर्षं काम करूनही नुसत्या नजरेने पकडता येत नाही. काही ठिकाणी सेन्सरऐवजी साध्या कॅमेऱ्याने मोजतात. तिथे धोतर किंवा सैल लेंगा नको, गुडघेच दिसत नाहीत.

पण आकडे फसवतात, आणि मी स्वतः फसलोय. एका काकांचं पहिलं मोजमाप सकाळी नऊला घेतलं, महिनाभर व्यायाम करवून दुसरं अकराला. पावलं लांब, वळणं झटपट! मी खूश. मग त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, ‘अहो, गोळी दहाला असते त्यांची.’ माझ्या व्यायामाचं श्रेय लेव्होडोपा, म्हणजे कंपवाताची ती दहाची गोळी, घेऊन गेली होती. तेव्हापासून गोळी किती वाजता घेतली, हे कागदावर सगळ्यात वर लिहितो. तुम्हीही दोन्ही वेळच्या तपासण्या गोळीपासून तेवढ्याच अंतराने करून घ्या. एकाच तपासणीतून फार काही हाती लागत नाही. औषध बदलायच्या आधी एक आणि नंतर एक, अशी करणार असाल तर पैसे सत्कारणी लागतील.

नुसतं सरळ चालवून सोडत असतील तर हट्टाने सांगा, बोलत बोलत चालवा. मी शंभरातून सात-सात वजा करत चालायला लावतो. एक निवृत्त कॅशियर ९३, ८६, ७९ असं बिनचूक म्हणत होते, फक्त पाय जागच्या जागी थांबले होते.

आणि पडणं घरात होतंय, तर पुरावाही घरातच आहे. पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात आजोबांना बघायला गेलो होतो. ओसरीवर झकास चालले. स्वयंपाकघराच्या अरुंद दाराशी, उंबऱ्यापासून हातभर अलीकडे, पाय जमिनीला खिळले. धड पुढे, टाचा वर, पावलं नुसती थरथरतायत. मुलगा हात धरून ओढत होता, तेच चुकत होतं. अशाने तोल पुढे जातो. त्याला थांबवलं. उंबऱ्याआधी जमिनीवर पिवळ्या चिकटपट्टीचे चार आडवे पट्टे मारले, एकेका पावलाच्या अंतरावर, आणि म्हटलं, ‘आजोबा, पट्टा ओलांडा.’ ओलांडला की! सगळ्यांनाच हे लागू पडत नाही, पण चिकटपट्टीला खर्च तो किती.

म्हणून तपासणीच्या आधी मोबाइलवर शूटिंग करा. खुर्चीतून उठून तीन मीटर जायचं, वळून परत यायचं, बसायचं. ‘टाइम्ड अप अँड गो’ नावाची ही चाचणी १९९१पासून चालत आलीय, आणि १२ सेकंदांच्या वर वेळ गेला तर पडण्याचा धोका धरतात. दार, संडासाचा बोळ आणि वळण मात्र नक्की घ्या. तुम्ही मागेच राहा, हाताच्या अंतरावर.

जाताना नवे बूट घालू नका, रोजच्या चपलाच न्या. आणि एक बघून ठेवा: चालताना चप्पल निसटते का, आणि निसटली तर त्यांना कळतं का? कळत नसेल तर पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, मधुमेहात होते तशी. ते डॉक्टरांना वेगळं सांगा, घोट्यावरच्या सेन्सरला त्यातलं काही कळत नाही.