गुलाबी सीरम आणि एनएसईचा आकडा

प्रश्न: माझा चार वर्षांचा भाचा पाण्यात बुडाला. हृदय थांबलं होतं, छाती दाबून ते पुन्हा सुरू केलं. आता तो व्हेंटिलेटरवर आहे. मेंदूला किती इजा झाली ते पाहायला एनएसई ही रक्ताची तपासणी सांगितली, पण लॅबने नमुना 'हिमोलाइझ्ड' (रक्तपेशी फुटलेला) म्हणून परत केला. रक्तावरून मेंदूचं खरंच कळतं का?

उत्तर: नमुना परत केला ते योग्यच झालं. एनएसई (न्यूरॉन-स्पेसिफिक इनोलेज) हे मेंदूतल्या चेतापेशींमधलं एन्झाइम. पेशी फुटल्या की ते रक्तात उतरतं. पण तांबड्या पेशी आणि प्लेटलेट्समध्येही ते असतं. बारीक सुईतून रक्त जोराने ओढलं, ट्यूब हिंदकळली किंवा सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) काढून घ्यायला उशीर झाला, की या पेशी फुटतात. सेंट्रिफ्यूजमधून (नमुना गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून) काढलेल्या ट्यूबमध्ये वरचा थर, म्हणजे सीरम, फिकट पिवळा हवा. तो गुलाबी दिसला तर आकडा खोटाच चढतो, आणि तसल्या आकड्यावर आईवडिलांची आशा तोडणं हा मुलावर अन्याय आहे. एक्मोवरच्या (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन भरणाऱ्या यंत्रावरच्या) मुलांत पेशी शरीरातच फुटू शकतात. तिथे नमुना पुन्हा घेऊनही शंका उरते.

आता वेळेचं. एनएसई रक्तात निम्म्यावर यायला साधारण एक दिवस लागतो, म्हणून 24, 48 आणि 72 तासांचे नमुने घेतात. आकडा उतरतोय की चढतोय, हे एका आकड्यापेक्षा जास्त सांगतं. युरोपीय तज्ज्ञांनी 2021 मध्ये 48 किंवा 72 तासांना 60 मायक्रोग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा दिली ती प्रौढांसाठी, तीही इतर तपासण्यांच्या जोडीने वापरायची. मुलांसाठी अशी सर्वमान्य मर्यादा नाही. प्रौढांची मर्यादा मुलाला लावू देऊ नका.

मेंदूच्या इजेसाठी एस-100-बी नावाचं दुसरं प्रथिनही मोजतात. ते काही तासांतच ओसरतं, शिवाय ते चरबीतही असतं आणि तान्ह्या बाळांत मुळातच जास्त आढळतं. त्याचाही अर्थ वयाप्रमाणेच लावावा लागतो.

डॉक्टरांना एवढं विचारा: सीरम स्वच्छ होतं का? हृदय सुरू झाल्यापासून कितव्या तासाचा नमुना? गुंगीची औषधं बंद होऊन किती वेळ झाला? बाहुल्या उजेडाला आकसतात का, ईईजीत (मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखात) काय दिसलं, एमआरआय कधी करणार? एनएसईचा आकडा या उत्तरांशेजारी ठेवूनच वाचायचा.