पोर्तुगाल आणि स्पेन, पहिल्यांदाच, दोघंच, १२ रात्री: कोणती शहरं घ्यावीत आणि आखणी कशी करावी?

तुमची यादी अशी आहे: लिस्बन, पोर्तो, सेव्हिया, ग्रानाडा, माद्रिद, बार्सिलोना. महिना ऑक्टोबर, दोघांपैकी एक पक्का शाकाहारी, आणि टूर कंपनीबरोबर जायचं नाही. शेवटचं वाचून बरं वाटलं. पण १२ रात्रींत सहा शहरं म्हणजे टूर कंपनीचाच कार्यक्रम झाला, फक्त बॅगा आपण उचलायच्या. दोन शहरं कापा. माझ्या मते पोर्तो आणि बार्सिलोना. का, ते सांगते.

नकाशात हे दोन देश चिकटून दिसतात, म्हणून वाटतं की रेल्वेने सहज इकडून तिकडे जाता येईल. तसं नाही. लिस्बन-माद्रिद रात्रीची गाडी मार्च २०२० मध्ये बंद झाली. दिवसा जायचं तर गाड्या बदलत बदलत अख्खा दिवस जातो. लिस्बनहून सेव्हियाला थेट गाडी नाहीच. स्पेनच्या आत मात्र रेल्वे झकास आहे: माद्रिद-सेव्हिया अडीच तास, माद्रिद-बार्सिलोना तेवढेच, सेव्हिया-कॉर्दोबा पाऊण तास. त्यामुळे सरहद्द एकदाच ओलांडायची आणि ती कुठून ओलांडणार हे सगळ्यात आधी ठरवायचं. बाकीचा आराखडा त्यावरून आपोआप पडतो.

लिस्बनहून सेव्हियाला विमानाने साधारण तासाभरात पोचता, बसने सहा-सात तास लागतात. बस स्वस्त पडते आणि सामानाची कटकट नसते. फक्त स्पेनचं घड्याळ पोर्तुगालच्या एक तास पुढे असतं हे हिशेबात धरा, नाहीतर दुपारची बस घेऊन रात्री उशिरा हॉटेल शोधत बसाल. गाडी भाड्याने घेण्याचा विचार असेल तर एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडण्याचा आकार आधी विचारून घ्या. तो ऐकूनच बरेच जण बसकडे वळतात.

दुसरी खुंटी म्हणजे ग्रानाडाचा अलहंब्रा, तिथला जुना किल्ला आणि महाल. त्याची तिकिटं नावावर असतात, बुकिंगला पासपोर्ट नंबर लागतो, आणि ऑक्टोबरसारख्या महिन्यात ती कित्येक आठवडे आधी संपतात. तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती आतल्या नासरी महालांची. बाकी किल्ला आणि बागा तुम्ही आपल्या सवडीने पाहू शकता, पण त्या महालांच्या दाराशी वेळेवर हजर नसलात तर आत सोडत नाहीत. मुख्य फाटकापासून ते दार चांगलं पंधरा-वीस मिनिटं चालत आहे, हे लोकांच्या लक्षात राहत नाही. म्हणून आधी अलहंब्राची तारीख धरा, मग हॉटेलं. तिकीट सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. शोधताना दलालांच्या साइट्स वर येतात आणि त्या दिसायलाही हुबेहूब असतात. सरकारी साइटवर संपलेली दिसली तर ग्रानाडा कार्ड किंवा गाइडसह तिकीट मिळतं का बघा, थोडं महाग पडेल.

पोर्तो आणि बार्सिलोना या वाटेवर येत नाहीत, म्हणून माझा आराखडा असा: लिस्बन ४ रात्री, सेव्हिया ३, ग्रानाडा २, माद्रिद ३. विमानाचं तिकीट जाताना लिस्बनचं आणि येताना माद्रिदचं, म्हणजे परत मागे फिरायला नको. मुंबईहून दुबई किंवा इस्तंबूलला विमान बदलून दोन्हीकडे जाता येतं. जाण्या-येण्याची शहरं वेगळी असली की तिकीट दुप्पट होतं असा एक समज आहे. एकाच कंपनीचं घेतलं तर सहसा तसं होत नाही, तपासून बघा.

लिस्बन. पहिल्या दिवशी काही ठरवू नका, झोप येणारच. दुसऱ्या दिवशी शहराचा बेलेम हा भाग. तिथल्या जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये शिरल्याशिरल्या एका बाजूला वास्को द गामाची कबर आहे आणि समोर कवी कामोइंशची. गामा वारला कोचीला, १५२४ मध्ये. अवशेष नंतर पोर्तुगालला नेले. कबरीवर जहाज कोरलंय, वर हात जोडून झोपलेला दगडी गामा. शाळेच्या पुस्तकात ज्याच्यावर दोन मार्क मिळायचे तो माणूस असा हाताच्या अंतरावर बघताना विचित्र वाटतं. आमच्या शेजारी एक पोर्तुगीज कुटुंब मोठ्या अभिमानाने फोटो काढत होतं, आम्ही वसईचे दोघं नुसतेच उभे! मठ सोमवारी बंद असतो. जवळच १८३७ पासून चालू असलेलं कस्टर्ड टार्टचं दुकान आहे, बाहेरच्या रांगेला घाबरू नका, आत बसायला भरपूर जागा आहे. टार्टमध्ये अंडं असतंच, तुमच्या शाकाहाराची व्याख्या तुम्ही ठरवा.

जुन्या गोव्यातली चर्चं पाहिली असतील तर साओ रॉक चर्च चुकवू नका. बाहेरून इतकं साधं की पुढे निघून जाल, आत सोन्याचा मुलामा. त्यातलं एक उपासनाघर अठराव्या शतकात रोममध्ये बांधलं, तिथे पोपने प्रार्थना केली, मग सुटं करून जहाजांतून लिस्बनला आणलं. हा पैसा ब्राझीलच्या सोन्याचा. १७५५ च्या १ नोव्हेंबरला भूकंप झाला आणि निम्मं शहर कोसळलं, पण हे वाचलं. खालचा बायशा भाग सरळ रेषेत आखलेला दिसतो तो त्या भूकंपानंतरचा, आणि अल्फामाच्या वाकड्या गल्ल्या त्याआधीच्या. एकदा हे कळलं की शहर पायी फिरताना आपोआप वाचता येतं.

ट्राम २८ चं नाव सगळे घेतात. मजा आहे, पण मधल्या थांब्यावर चढलात तर उभं राहून घाम पुसत जाल, आणि खिसेकापूंची ती आवडती जागा. सकाळी लवकर प्राझेरेशच्या टोकाला जाऊन बसा. जवळच्या सिंत्रा गावासाठी एक अख्खा दिवस ठेवा. रोसियु स्टेशनवरून चाळीस मिनिटं लागतात. तिथल्या पेना महालाच्या आतल्या तिकिटावर वेळ असते, ते आधी काढा. शनिवार-रविवार टाळा, आणि सोमवारही, कारण लिस्बनची बरीच संग्रहालयं त्या दिवशी बंद म्हणून सगळे तिकडेच येतात. बूट रबरी तळाचेच घ्या. फुटपाथचा तो सुंदर पांढरा चुनखडक पावसात भयंकर निसरडा होतो, आणि ऑक्टोबरात पाऊस येतो.

आता खाण्याचं, कारण खरी परीक्षा तिथे आहे. पोर्तुगालमध्ये बसल्याबसल्या पाव, लोणी, ऑलिव्ह टेबलावर येतात. ते फुकट नसतात. नको असेल तर हसून परत करा, कोणी वाईट मानत नाही. काल्दु व्हेर्द हे हिरव्या पानांचं सूप वाचायला शाकाहारी वाटतं, पण वर चोरिसाच्या, म्हणजे डुकराच्या सॉसेजच्या, चकत्या असतात. मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती मंडळींचं राधाकृष्ण मंदिर लिस्बनमध्ये आहे, त्याच्या उपाहारगृहात शाकाहारी जेवण मिळतं. वेळ बघून जा, एखाद्या दिवशी फार आधार वाटतो.

स्पेनमध्ये 'शाकाहारी' म्हटलं की टूना चालतो असा काहींचा प्रामाणिक समज आहे. म्हणून 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन' असं तिन्ही म्हणायचं: मांस नको, मासा नको, डुकराची मांडी नको. सालमोरेखो या टोमॅटोच्या थंड सूपवर हामोन भुरभुरतात, आधी सांगितलं तर घालत नाहीत. सेव्हियात एस्पिनाकास कोन गार्बान्सोस मागा. पालक आणि छोले, जिरं-लसणाच्या मसाल्यात, जवळजवळ आपल्या घरच्या पातळ भाजीसारखं. पाव मोडून खाल्लं की दिवस सार्थकी. काही जुन्या बारमध्ये हिशेब काउंटरच्या लाकडावरच खडूने मांडतात आणि पैसे दिले की फडक्याने पुसून टाकतात. तळलेल्या वांग्यावर उसाची काकवी घालून देतात तेही घ्या. ग्रानाडात पेयाबरोबर खाण्याची बशी फुकट येते, पण ती काय असेल ते स्वयंपाकघर ठरवतं, म्हणून पेय मागतानाच शाकाहाराचं सांगा.

एक व्यावहारिक धोका: दुपारी चारच्या पुढे रात्री आठ-साडेआठपर्यंत बरीच स्वयंपाकघरं बंद असतात. दोघांची भांडणं होतात ती नेमकी याच वेळात, आणि कारण नेहमी भूक असतं, नकाशा नव्हे. पिशवीत चिक्की-खाकरा ठेवा. दुपारचं जेवण दोनला पोटभर घ्या. कामाच्या दिवशी मेनू देल दिया म्हणून ठरावीक किमतीचं जेवण मिळतं, ते परवडतं.

सेव्हियात कॅथीड्रल आणि अल्काझार राजवाडा दोन्हीची तिकिटं आधी काढा. कॅथीड्रलच्या हिराल्दा मनोऱ्याला शेवटच्या थोड्या सोडल्या तर पायऱ्या नाहीत, उताराचा रस्ता गोल गोल वर जातो, त्यामुळे गुडघे कुरकुरणाऱ्यांनाही जमतं. कॉर्दोबा इथूनच एका दिवसात करा. तिथल्या मशीद-कॅथीड्रलमध्ये सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ प्रवेश फुकट असतो, आणि पैशापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्या तासाला लाल-पांढऱ्या कमानींखाली गर्दी नसते.

माद्रिदला प्रादो हे चित्रसंग्रहालय संध्याकाळी सहा ते आठ फुकट आहे, रविवारी पाच ते सात. रेना सोफिया संग्रहालयात पिकासोचं गेर्निका हे चित्र आहे, संग्रहालय मंगळवारी बंद. एकाला चित्रांत रस नसेल तर त्याला रेतिरो बागेत सोडून द्या, दोघंही खूश. १२ ऑक्टोबरला स्पेनची राष्ट्रीय सुट्टी असते, त्या सुमारास हॉटेलं महागतात.

व्हिसा. या आराखड्यात स्पेनमध्ये ८ रात्री आहेत, म्हणून उतरणार लिस्बनला असलात तरी अर्ज स्पेनकडे करायचा. जिथे जास्त दिवस, तो देश. दिवस समान असतील तरच पहिला प्रवेश बघतात. शुल्क माणशी ९० युरो, अर्जकेंद्राचे पैसे वेगळे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. सहलीच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि ऑक्टोबरसाठी उन्हाळ्यातल्या गर्दीमुळे अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, तेव्हा रेंगाळू नका. रद्द करता येणारीच हॉटेलं घ्या. आणि तिथे कार्डमशीनने 'रुपयांत की युरोत' विचारलं तर दर वेळी युरोच.

पोर्तोचा फारच मोह असेल तर लिस्बनहून तीन तासांची गाडी आहे, पण त्यासाठी माद्रिदच्या दोन रात्री जातील आणि घरी परतण्याआधी फक्त एकच उरेल. बार्सिलोना सोडवतच नसेल तर माद्रिद सरळ गाळा, ग्रानाडाहून बार्सिलोनाला विमान घ्या आणि परतीचं तिकीट तिथूनच काढा. तिथल्या सग्रादा फामिलिया चर्चचं तिकीट मात्र अलहंब्राचं काढाल त्याच दिवशी, त्याच्या पाठोपाठ काढून ठेवा.