ट्रॅकवर स्पोर्ट्स कार चालवायला कोणते ब्रेक पॅड घ्यावेत? आणि बेडिंग खरंच करावं लागतं का?

तुमच्या प्रश्नातलं ते शेवटचं वाक्य, "की बेडिंग हे पॅड विकणाऱ्यांचं थोतांड आहे?", ते वाचलं आणि लिहायला बसलो. हाच शब्द मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून अनेकदा ऐकलाय आणि एकदा तो ऐकून घेतल्याची किंमतही मोजलीये.

बेडिंग, म्हणजे ब्रेक मारून नवे पॅड तापवून त्यांचा थर डिस्कवर बसवणं, करावंच लागतं. कंपाउंड (पॅडच्या मालाचं मिश्रण) कुठलंही घ्या, बेडिंग नीट झालं नसेल तर पैसे पाण्यात.

माझ्या पहिल्या ट्रॅक डेच्या (रेस ट्रॅकवर आपलीच गाडी चालवायच्या दिवसाच्या) आदल्या रात्री मी आणि दादाने नवे पॅड बसवले, चांगले, ट्रॅकसाठीचेच. मी म्हटलं पहाटे लवकर उठून रिकाम्या रस्त्यावर बेडिंग करून येतो, तर दादा म्हणाला, काही गरज नाही, चालवता चालवता आपोआप बसतात, मी वीस वर्षं गाड्या चालवतोय. मी ऐकलं. पहिले दोन लॅप मस्त गेले. तिसऱ्याला सरळ पट्ट्याच्या शेवटी ताशी 180 च्या आसपास ब्रेक मारला तर पॅडल दगडासारखं कडक, मी सगळा जोर लावून दाबतोय आणि गाडी मात्र पुढेच चाललीये. वळण गेलं, सरळ खडीत. गाडीला काही झालं नाही, पण तो दीड-दोन सेकंदांचा काळ अजून आठवतो.

दादाचं निदान, ब्रेक फ्लुइड उकळलं. साफ चूक. फ्लुइड उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल मऊ पडून खाली जातं. पॅडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, म्हणजे पॅडची पकड गेलीये. नव्या पॅडमधलं रेझिन (माल बांधून ठेवणारा चिकट पदार्थ) पहिल्यांदा सणसणीत तापलं की त्यातून गॅस सुटतो आणि तो पॅड आणि डिस्कच्या मध्ये अडकतो, याला ग्रीन फेड म्हणतात. एवढा फरक तरी पाठ करून ठेवा, कारण दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे.

पुढची चूक माझी. खडीतून काढून गाडी पिटमध्ये आणली आणि पॅडल दाबूनच उभा राहिलो, चाकांतून धूर येत होता तरी. त्या दिवसानंतर ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरायचं. दादा आणि त्याचा नेहमीचा मेकॅनिक, दोघांचं एकमत: डिस्क वाकल्या, नव्या टाका. मी हट्टाने डायल गेज (डिस्क फिरवून तिचा वाकडेपणा मोजायचं उपकरण) लावून बघितलं, फरक फक्त 0.03 मिलिमीटर, म्हणजे डिस्क सरळच. मग टॉर्च तिरका धरून बघितलं तर डिस्कवर एका जागी निळसर करडा डाग, बरोब्बर पॅडच्या आकाराचा, कडेची गोलाई सुद्धा उमटलेली. तापलेला पॅड तिथे दाबून ठेवल्यामुळे त्याचा माल डिस्कला चिकटला होता. गार्नेट पेपरने दोन्ही डिस्क घासल्या (मास्क लावून, ती धूळ नाकात जाऊ देऊ नका), नीट बेडिंग केलं आणि थरथर गेली. त्याच डिस्क पुढे अख्खा सीझन चालल्या. "डिस्क वाकली" म्हणतात त्यातल्या बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

बेडिंग म्हणजे पॅडचा एक पातळ, सारखा थर डिस्कवर बसवणं. आधी हलके ब्रेक मारत गरम करा, मग 100 वरून 20 पर्यंत जोरात आठ-दहा वेळा, एबीएस लागू न देता आणि एकदाही पूर्ण न थांबता. वास येईल, येऊ दे. मग दहा-पंधरा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता चालवा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना हँडब्रेकही नको.

आता कोणते पॅड. रोडच्या पॅडवर ट्रॅकचा अंदाज बांधू नका, 200 वरून 100 वर येताना जेवढी उष्णता तयार होते ती 100 वरून शून्यावर येण्याच्या तिप्पट असते. पण उलट टोकही नको: पक्के रेसचे पॅड थंड असताना धड धरत नाहीत आणि डिस्क खातात. याच गाडीने ट्रॅकला जाऊन घरी येणार असाल तर मधलं कंपाउंड घ्या, फेरोडो डीएस2500 या जातीचं. पुढे-मागे एकाच जातीचे टाका, फक्त मागे जास्त पकडीचे टाकले तर मागचा भाग सुटतो. फ्लुइड ताजंच हवं, कारण डॉट 4 या नेहमीच्या प्रकारच्या फ्लुइडचा किमान उत्कलनबिंदू कोरडं असताना 230 अंश आणि पाणी शोषल्यावर फक्त 155.

हां, राहिलंच, काही पॅड कंपनीतूनच भाजून येतात आणि काहींची पद्धत वेगळी असते, तर खोक्यातला कागद माझ्या आकड्यांपेक्षा मोठा. कार्बन सिरॅमिक डिस्क असतील तर यातलं काहीच धरू नका, घासणं तर अजिबात नाही. जुन्या डिस्कवर वेगळ्या कंपाउंडचा थर असेल तर आधी तो काढा. आणि पॅड अर्धे झिजले की ट्रॅकसाठी बदला, पातळ पॅडमधून उष्णता पटकन पिस्टनमार्गे फ्लुइडपर्यंत पोचते. दादा इथेही "अजून चालले असते" म्हणतो. त्याच्या गाडीत चालवू दे, माझ्या गाडीत नाही.