आधी ट्रान्स्क्रिप्ट, मग पोर्टल

मार्च सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर पालटतो. एरवी तुम्ही शिष्यवृत्ती, मेजर (डिग्रीचा मुख्य विषय) बदलणं, वसतिगृहातली भांडणं याबद्दल लिहिता. या दिवसांत मात्र निम्मी पत्रं कॉलेज बास्केटबॉलची असतात, कारण देशभरातल्या कॉलेज संघांची मोठी स्पर्धा तेव्हाच रंगते. नव्या वाचकांसाठी सांगते: मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात अठरा वर्षं खेळाडूंच्या अभ्यासाची सल्लागार होते. कोण कुठून बॉल टाकतो हे मला फारसं कळत नाही. पोरांचं ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे विषय आणि गुणांचा कागद, मात्र मी झोपेतही वाचू शकते. उत्तरं त्या बेताने घ्या.

*प्रश्न: मी निवृत्त झाल्यापासून जर्सी सिटीत मुलाकडे असतो. २०२२ साली इथल्या सेंट पीटर्स युनिव्हर्सिटीच्या 'मोरां'नी केंटकीला हरवलं, तेव्हापासून हा खेळ बघायला लागलो. पण स्पर्धा संपली आणि महिना-दोन महिन्यांत संघ पांगला. ज्या कॉलेजने नाव दिलं त्याला असं सोडून जायचं? या मुलांना निष्ठा म्हणून काही नाही का?*

काका, तुमचा जीव तुटला हे समजू शकते. पंधरावं, म्हणजे जवळजवळ तळाचं, मानांकन मिळालेला संघ उपांत्यपूर्व फेरीत जाण्याची ती पहिलीच वेळ होती. केंटकीला जादा वेळेत ८५-७९ असं हरवलं, मग मरे स्टेट, मग पर्ड्यू. नॉर्थ कॅरोलिनाने शेवटी थांबवलं. मी तेव्हा घरी एकटी ओरडत होते, शेजारीण बघायला आली.

पण आधी कोण गेलं, हे आठवून बघा. प्रशिक्षक शहीन हॉलोवे. नॉर्थ कॅरोलिनाकडून हरल्यावर आठवडाही उलटला नाही, तोच ते सीटन हॉलचे प्रशिक्षक झाले. ते त्यांचं स्वतःचं जुनं कॉलेज, पगार मोठा, त्यांना कोणी दोष दिला नाही आणि देऊही नये. त्यानंतर मुलं निघाली. मिशीवाला डग एडर्ट ब्रायंटला गेला, डॅरिल बँक्स सेंट बोनाव्हेंचरला, ड्रामे जुळे ला सालला आणि एनडेफो तर आपल्याच प्रशिक्षकामागे सीटन हॉलला. ज्या माणसाच्या शब्दावर मुलगा त्या कॉलेजात आला, तोच निघून गेल्यावर मुलाने निष्ठा ठेवायची ती कोणाशी? इमारतीशी?

माझी नोकरी सुरू झाली तेव्हा उलट होतं. प्रशिक्षकाला उद्या दुसरीकडे जाता यायचं. मुलाला मात्र आधी जुन्या कॉलेजची परवानगी लागायची आणि नव्या ठिकाणी वर्षभर बाकावर बसावं लागायचं. सराव करायचा, पण सामन्याला साध्या कपड्यांत. ऑक्टोबर २०१८ मध्ये पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आलं आणि परवानगीची भानगड संपली. २०२१ मध्ये एकदा बदली केली तर वर्ष बसायची अट गेली. मग डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल न्यायालयाने एनसीएएला, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम करणाऱ्या संघटनेला, अडवलं आणि २०२४ च्या एप्रिलपासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा जा, असं झालं. आता हे जरा अतीच झालंय, असं मलाही वाटतं. चार वर्षांत चार कॉलेजं करणारी मुलं पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो. पण तो गोळा निष्ठेपायी नाही, खालच्या पत्रात आहे त्या कारणाने येतो.

आणि काका, मोर २०२४ मध्ये नव्या प्रशिक्षकाबरोबर पुन्हा स्पर्धेत आले होते. टेनेसीने झोडपलं, पण आले होते. बघणं सोडू नका.

*प्रश्न: ताई, आमचा मुलगा डिव्हिजन वनमधल्या (कॉलेज खेळांची सर्वांत वरची श्रेणी) एका छोट्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, स्कॉलरशिपवर. मेकॅनिकल इंजिनिअरिंग करतो. सामन्यात जेमतेम चार-पाच मिनिटं मिळतात. इन्स्टाग्रामवर ओळख झालेला एक 'सल्लागार' म्हणतो की पोर्टलमध्ये नाव टाक, मोठं कॉलेज आणि पैसे दोन्ही मिळतील. यांचं म्हणणं, पोराला ठरवू दे. मला रात्रभर झोप नाही. अडवू का?*

अडवू नका. अडवून ऐकणारं वय नाही आणि उद्या काही बिनसलं तर जन्मभर तुमच्या डोक्यावर. पण त्याने ते ईमेल पाठवण्याआधी एक रविवार त्याला समोर बसवा.

हे ईमेल म्हणजे काय ते आधी समजून घ्या. मुलाने लेखी कळवलं की कॉलेजच्या कम्प्लायन्स (नियमपालन) ऑफिसला दोन कामकाजाच्या दिवसांत त्याचं नाव पोर्टलमध्ये घालावंच लागतं. त्या क्षणापासून बाकीचे प्रशिक्षक त्याच्याशी उघड बोलू शकतात. पण त्याच क्षणापासून आताच्या कॉलेजला चालू सत्र संपल्यावर त्याची स्कॉलरशिप काढून घेण्याचीही मुभा मिळते. नाव मागे घेता येतं, पण घेतलं म्हणून जुनी जागा त्याच्यासाठी राखून ठेवायला कोणी बांधील नाही. दार आतून उघडतं, बाहेरून उघडेलच असं नाही. दर वसंतात पोर्टलमध्ये जाणाऱ्यांची गर्दी बघा आणि नव्या नियमात संघात जागा पंधराच. बातम्या होतात त्या फ्लोरिडाला जाऊन २०२५ चं विजेतेपद जिंकणाऱ्या वॉल्टर क्लेटनच्या. आयोनाहून आलेला पोरगा अंतिम फेऱ्यांचा सर्वोत्तम खेळाडू ठरतो, ही गोष्ट खरीच गोड आहे. पण जुलै उजाडला तरी ज्याचा फोन वाजत नाही, त्याची बातमी कोण करणार?

त्या सल्लागाराला एकच विचारा: कुठल्या कॉलेजातला कुठला प्रशिक्षक? नियमाप्रमाणे नाव पोर्टलमध्ये येण्याआधी कोणी संपर्क करायचा नसतो. प्रत्यक्षात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: फोन प्रशिक्षकाचा येत नाही, 'ओळखीच्या माणसाचा' येतो. तुमच्या माणसाकडे सांगायला एकही नाव नसेल, तर तो हवेत बोलतोय. आणि आताच्या प्रशिक्षकाला मुलाने स्वतः, समोर बसून विचारावं की पुढच्या वर्षी मी तुमच्या हिशेबात कुठे आहे. वीसेक वर्षांच्या पोरांना हा प्रश्न विचारायची इतकी भीती वाटते की त्यापेक्षा ती राज्य बदलतात! हे मी गंमत म्हणून लिहीत नाही.

आता माझ्या प्रांतातलं. काही वर्षांपूर्वी एक मुलगा आमच्याकडे बदली होऊन आला. माझ्या टेबलाखाली त्याचे गुडघे मावत नव्हते, म्हणून खुर्ची तिरकी करून बसला होता आणि हुडीची नाडी बोटाला गुंडाळत होता. दोन वर्षांत ७१ क्रेडिट्स करून आला होता. चांगला अभ्यास, बी प्लसच्या खाली फारसं काही नाही. रजिस्ट्रारकडून मूल्यमापन आलं तेव्हा आमच्या डिग्रीला त्यातली ४६ लागू पडत होती. बाकीची 'इलेक्टिव्ह' म्हणून कागदावर राहिली, म्हणजे दिसायला आहेत, उपयोग शून्य.

आता गणित बघा. एनसीएएच्या नियमाने तिसऱ्या वर्षी खेळायचं तर तोवर डिग्रीचा ४० टक्के भाग पुरा हवा, चौथ्या वर्षाआधी ६०, पाचव्याआधी ८०. आमची डिग्री १२० क्रेडिट्सची. चाळीस टक्के म्हणजे ४८. मुलाकडे ४६. दोन क्रेडिट्ससाठी तो कोर्टवर उतरू शकत नव्हता आणि हे त्याला कोणीही सांगितलं नव्हतं, ना आणणाऱ्या प्रशिक्षकाने, ना मध्यस्थाने. त्याने नाडी सोडली आणि म्हणाला, "पण मी तर सगळं पास झालोय." खरंच होता.

आम्ही उन्हाळ्यात तीन क्रेडिट्सचा भूगर्भशास्त्राचा वर्ग शोधला. त्याने दगड ओळखले आणि तो खेळला. पण त्याला करायचं होतं कम्प्युटर सायन्स. त्यातले विषय एकामागून एक साखळीने येतात, एक कडी निसटली की वर्ष जातं. साठ टक्क्यांचा उंबरा पुढे दिसत होता, म्हणून शेवटी जिथे सगळी क्रेडिट्स खपतील अशा 'जनरल स्टडीज'मध्ये त्याला घातलं. तो सल्ला माझाच. नियमाने बरोबर होता. अजून टोचतो.

तुमच्या मुलाचं तर इंजिनिअरिंग आहे, तिथे साखळी याहून घट्ट. म्हणून नव्या कॉलेजला होकार देण्याआधी त्याने एक कागद मागावा: माझी किती क्रेडिट्स *माझ्या मेजरला* लागू होतील, ते लेखी द्या. 'ट्रान्सफर होतील' हा शब्द चालवून घेऊ नका, ट्रान्सफर सगळंच होतं. दुसरं, काही विद्यापीठं डिग्रीची ठरावीक क्रेडिट्स त्यांच्याकडेच करायला लावतात, तेही विचारा. आणि पैशांचं बोलणं झालंच तर करार वर्षाचा की दोन वर्षांचा, मध्येच सोडलं तर परत काय द्यावं लागतं, हे वकिलाच्या नजरेखालून घाला. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या 'हाउस' खटल्यातली तडजोड मंजूर केल्यापासून कॉलेजं थेट पैसे देऊ लागली आहेत, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळ्या खेळांसाठी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. त्यातलं चार मिनिटं खेळणाऱ्याच्या ताटात किती पडेल, ते तुम्हीच बघा.

सगळी उत्तरं नीट मिळाली तर जाऊ द्या त्याला. डिग्री पुरी करून मास्टर्ससाठी बदली करणं हा रस्ताही आहेच. माझ्या पाहण्यात सुखाने गेलेली बहुतेक मुलं त्याच रस्त्याने गेली.

*प्रश्न: भाची स्टुडंट व्हिसावर येऊन खेळणार आहे. तिलाही जाहिरातींचे पैसे घेता येतील ना?*

एफ-१ वर, म्हणजे नेहमीच्या स्टुडंट व्हिसावर, असेल तर अमेरिकेत राहून असं काम करणं व्हिसाला धोका आहे. पर्ड्यूचा सव्वासात फुटांहून उंच झॅक एडी दोनदा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, पण कॅनडाचा असल्याने त्यालाही हीच अडचण होती. कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय तिने टी-शर्टवर सहीसुद्धा विकू नये.

*प्रश्न: मी नॉर्थ कॅरोलिनात कॉलेजला आहे, इथल्या ड्यूक विद्यापीठाच्या संघाचा कट्टर चाहता. कूपर फ्लॅग, नूपेल, मालुआच, तिघंही एका वर्षात एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये गेले. एका वर्षासाठी येणाऱ्यांना प्रवेशच का देतात? कॉलेजने चार वर्षांचा बाँड का लिहून घेऊ नये?*

अरे, बाँड कसला लिहून घेतोस! तुझ्या वर्गातल्या कोणाला दुसऱ्या वर्षी मोठ्या कंपनीने बोलावलं तर तू त्याला धरून ठेवशील का? ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, फ्लॅगला डॅलसने पहिल्या क्रमांकावर उचललं, नूपेल चौथा, मालुआच दहावा. पहिल्या फेरीत निवड झाली की पहिल्या दोन वर्षांचे पैसे पक्के. तिथे थांबून गुडघा मोडून घेण्यात शहाणपण नाही.

आणि 'एक वर्ष' हा नियम कॉलेजांनी केलेलाच नाही, तो एनबीएचा आहे. पूर्वी चार वर्षं थांबावं लागायचं. स्पेन्सर हेवूड नावाचा खेळाडू त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९७१ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला आणि दार उघडलं. पुढे गार्नेट, कोबी, लेब्रॉन शाळेतून थेट गेले. मग २००५ च्या करारात एनबीए आणि खेळाडू संघटनेने ठरवलं: वय १९ हवं आणि शाळा संपून एक वर्ष झालेलं हवं. संघमालकांना शाळकरी पोरांवर पैसे लावायची धास्ती होती, एवढंच. ते एक वर्ष काढायला मुलं तुमच्याकडे येतात आणि तुम्ही रात्र रात्र तंबू ठोकून तिकिटाच्या रांगेत बसता.

तुला कदाचित बरं वाटेल असंही घडतंय. २०२१ मध्ये कॉलेजची वर्षं पुरी व्हायच्या आत ड्राफ्टसाठी नाव देणारे साडेतीनशेच्या आसपास होते, २०२५ मध्ये ते शंभराच्या थोडे वर उरले. दुसऱ्या फेरीतल्या निवडीला पैशांची आपोआप हमी नसते, त्यापेक्षा आता कॉलेजच जास्त देतं. म्हणून मधल्या फळीतली मुलं थांबतात. एनबीएने शाळेतून थेट येणाऱ्यांसाठी काढलेला जी लीग इग्नाइट हा संघही २०२४ मध्ये बंद केला, कारण त्याला कोणी मिळेना.

मला काळजी वाटते ती पहिल्या दहातल्यांची नाही, जे गेले आणि ज्यांना कोणीच उचललं नाही त्यांची. पूर्वी एजंट नेमला की परतीचा रस्ता बंद व्हायचा. आता नाव देऊन, चाचणी देऊन ठरलेल्या मुदतीत परत येता येतं. आणि एक नियम फार थोड्यांना ठाऊक असतो: स्कॉलरशिपवर किमान दोन वर्षं शिकून गेलेला डिव्हिजन वनचा बास्केटबॉल खेळाडू दहा वर्षांच्या आत परतला, तर पहिली डिग्री पुरी करायला कॉलेजने मदत करायची असते.

माझा एक विद्यार्थी असाच तिसऱ्या वर्षी गेला. ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही, परदेशांतल्या लीगमध्ये खेळत राहिला. घोट्याने दगा दिल्यावर त्याने मला फोन केला, "बाई, माझी नऊ क्रेडिट्स राहिलीत ना?" नऊ नव्हती, बारा होती. गेल्या हिवाळ्यात त्याने सकाळी आठच्या संख्याशास्त्राच्या वर्गाला नाव घातलं. कसं चाललंय विचारलं, तर म्हणाला, शेवटच्या रांगेत बसतो, पुढे बसलो तर मागच्या पोरांना फळा दिसत नाही.