वाचकांचे प्रश्न : नाव एकच, ड्रायव्हर मात्र वेगळा

प्रश्न : माझ्याकडे आणि भावाकडे एनव्हीडियाचं जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड आहे. दोघांकडे ६४-बिट विंडोज १०. ४७४ क्रमांकाचा ड्रायव्हर त्याच्याकडे बसला. माझ्याकडे सेटअप म्हणतो, या विंडोजला चालेल असं हार्डवेअर सापडलं नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॅप्टर’ एवढंच दिसतं. कार्ड बिघडलंय का?

उत्तर : बिघडलेलं दिसत नाही. खोक्यावरचं नाव विंडोज वाचतच नाही. प्रत्येक पीसीआय कार्डात (मदरबोर्डच्या खाचेत बसणाऱ्या) उत्पादकाचा आणि चिपचा असे दोन क्रमांक कोरलेले असतात, विंडोज तेच विचारतं. एनव्हीडियाचा १०डीई, एएमडीचा १००२, इंटेलचा ८०८६.

डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अॅडॅप्टर्समधल्या त्या नावावर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. तिथल्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. पहिल्या ओळीत ‘डीईव्ही’च्या पुढची चार अक्षरं बघा. १२८७ असेल तर चिप केप्लर पिढीची, ०एफ०२ असेल तर त्याआधीच्या फर्मीची. जीटी ७३० या एकाच नावाखाली दोन्ही विकली गेली : फर्मीत ९६ कोअर, केप्लरमध्ये ३८४. ग्राहकाच्या दृष्टीने ही निव्वळ फसगत होती, पण आता इलाज नाही.

ड्रायव्हरसोबतच्या आयएनएफ फाइलमध्ये चालणाऱ्या आयडींची यादी असते. ४७४ च्या यादीत केप्लर आहे, फर्मी नाही. जुळणारा आयडी न मिळाल्यावर विंडोज फक्त प्रकार बघतं (०३०० म्हणजे डिस्प्ले) आणि आपला सर्वसाधारण ड्रायव्हर लावतं. चित्र दिसतं, वेग मिळत नाही.

तुमचा आयडी ०एफ०२ निघाला तर ३९१.३५ हा ड्रायव्हर घ्या. बसवताना इंटरनेट बंद ठेवा, नाहीतर मधेच विंडोज अपडेट स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं. खात्री हवी असेल तर सेटअपने सी ड्राइव्हवरच्या एनव्हीडिया फोल्डरमध्ये उलगडलेल्या आयएनएफ फाइली नोटपॅडमध्ये उघडून आपला आयडी शोधा. तो तिथे स्वतः लिहून टाकण्याचा सल्ला काही व्हिडिओंत मिळतो. तो ऐकू नका. फाइल बदलली की तिची डिजिटल सही जुळत नाही आणि ६४-बिट विंडोज ड्रायव्हर नाकारतं. शिवाय फर्मी चिप चालवायचा कोड त्या ड्रायव्हरमध्ये नाहीच, मग यादीत नाव घालून काय होणार?

प्रश्न : तेच कार्ड उबंटूत (लिनक्सवर) चालेल का? तिथेही आयडी जुळवूनच ठरतं का?

उत्तर : चालेल, पण जुळणी ढोबळ असते. ‘नूव्हो’ हा कर्नलसोबत (लिनक्सच्या गाभ्यासोबत) येणारा मुक्त ड्रायव्हर आणि एनव्हीडियाचा स्वतःचा, दोघेही ‘उत्पादक १०डीई, प्रकार डिस्प्ले’ एवढ्यावरच कार्डावर हक्क सांगतात. म्हणून एनव्हीडियाचं पॅकेज बसताना नूव्होला काळ्या यादीत टाकतं. खरी चाळणी त्यानंतर, ड्रायव्हरच्या आत : नव्या ड्रायव्हरला फर्मी कार्ड दिसलं की तो कर्नल लॉगमध्ये ‘यासाठी ३९० चा जुना ड्रायव्हर लागतो’ अशा अर्थाची ओळ लिहून कार्ड सोडून देतो. नूव्हो आधीच बाजूला झालेला, त्यामुळे हाती काळी स्क्रीन किंवा कमी रिझोल्यूशन.

टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत द्या. कार्डाच्या ओळीत चौकटी कंसात दोन्ही क्रमांक आणि खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ दिसेल. ही ओळच नसेल तर कार्ड कुणीच ताब्यात घेतलेलं नाही. ३९० शाखेचा पाठिंबा २०२२ अखेर संपला, म्हणून फर्मीवर एनव्हीडियाची पॅकेजं काढून टाका, रीबूट करा आणि नूव्होवरच राहा. रोजच्या कामाला, व्हिडिओला तो पुरतो. गेमची अपेक्षा ठेवू नका.