ओरखडा कुठल्या बाजूला?

प्रश्न : आमच्या १६ मिमीच्या जुन्या प्रिंटवर उभ्या काळ्या रेघा दिसतात. वेट गेटमधून स्कॅन केल्यास जातील का? (मिरज)

काळ्या असतील तर बहुतेक जातील. वेट गेट म्हणजे स्कॅनरची ती खिडकी, जिथं फिल्म द्रवात भिजलेली असतानाच चित्र टिपलं जातं. फिल्मची चकचकीत बाजू म्हणजे बेस, मंद बाजू म्हणजे इमल्शन, चित्र धरणारा जिलेटिनचा थर. बेसवर चर पडला की उजेड तिथं विखुरतो, लेन्सपर्यंत पोचत नाही, म्हणून प्रिंटवर रेघ काळी दिसते. ॲसिटेट (जुन्या फिल्मचं प्लॅस्टिक) बेसचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड किती वळतो त्याचं माप, सुमारे १.४८, तर वेट गेटमधल्या परक्लोरोइथिलीन या द्रवाचा १.५० च्या आसपास. चरात हा द्रव भरला की उजेडाच्या लेखी चर उरतच नाही. रंगीत प्रिंटवर रेघ हिरवी असेल तर मात्र वरचा मॅजेंटा (गुलाबी-जांभळा) थर खरवडला गेलाय. पिवळी असेल तर त्याखालचा सियान (निळा-हिरवा) थरही गेला. तिथं चित्रच नाही, द्रव काय भरून काढणार? ते काम डिजिटल दुरुस्तीचं. कृष्णधवल फिल्मला स्कॅनरचं इन्फ्रारेड धूळशोधन (अदृश्य किरणांनी धूळ-ओरखडे ओळखणं) उपयोगी पडत नाही, कारण चित्रातली चांदी इन्फ्रारेडही अडवते. म्हणून तिथं वेट गेटला मोल जास्त.

प्रश्न : ओळखीच्या ड्रायक्लीनरकडून परक्लोरोइथिलीन मिळतं. घरच्या स्कॅनरला वापरू का? (सांगली)

नको. ड्रायक्लीनिंगच्या यंत्रातल्या द्रवात कपड्यांचं तेल, साबण उतरलेला असतो. तो फिल्मवर राहतो. शिवाय याची वाफ हवेच्या साडेपाचपटीहून जड, खाली साचते. छताचा पंखा लावून भागत नाही, जमिनीलगत ओढणारा एक्झॉस्ट आणि बंद गेट लागतं. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगविषयक संस्था याला माणसांत बहुधा कर्करोगकारक असलेल्या पदार्थांत धरते. आयसोप्रोपिल अल्कोहोलचं विचाराल, तर त्याचा अपवर्तनांक १.३८, ओरखडा फिका होतो, जात नाही. आणि ते पेटतं, त्यामुळे तापणाऱ्या दिव्याजवळ नकोच.

प्रश्न : वेट गेट स्कॅनमध्ये गोल ठिपके येतात. फिल्म खराब आहे का? (कराड)

चार-पाच फ्रेम ओळीनं पाहा. ठिपका प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी असेल तर गेटच्या काचेवर काहीतरी चिकटलंय. जागा बदलत असेल तर हवेचा बुडबुडा. छिद्रांमधून फिल्म स्वतःबरोबर हवा घेऊन येते. वेग कमी करा, आणि पंपाच्या ओढणाऱ्या बाजूचे सांधे तपासा. तिथली बारीक फट द्रव गळू देत नाही, हवा मात्र आत घेते. फिल्म लावण्याआधी काही मिनिटं द्रव नुसता फिरवा. टेपचे जोड आधीच काढून फिल्म-सिमेंटचे (फिल्म जोडायच्या रसायनाचे) करा. टेपचा डिंक द्रवात सुटतो आणि पुढच्या फ्रेमवर पसरतो. रीळ पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळू नका, नाहीतर आता नाहीत ते डाग उद्या येतील.

प्रश्न : २०१९ च्या पुरात भिजलेलं रीळ कपाटातच वाळलंय. वेट गेट करावं का? (गावभाग, सांगली)

आधी उलगडूच नका. जिलेटिन ओलं होऊन वेटोळी एकमेकांना चिकटलेली असतात. ओढलीत तर चित्र पुढच्या वेटोळ्याच्या पाठीवर निघून येतं. गाळ आणि बुरशी परक्लोरोइथिलीनमध्ये विरघळत नाहीत. उलट सुटलेले कण गेटभर फिरून नवे ओरखडे पाडतात. असं रीळ फिल्म-जतनाची प्रयोगशाळाच हाताळू शकते. पुन्हा पूर आलाच तर भिजलेलं रीळ वाळवू नका. थंड, स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा आणि दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोचवा.

प्रश्न : डब्यातून व्हिनेगरसारखा वास येतो. (वाई)

ॲसिटेट विघटतंय. द्रवानं ते थांबत नाही. रीळ इतरांपासून वेगळं करा आणि आकुंचन मोजा: १६ मिमीच्या १०० फ्रेम सपाट ठेवल्यावर लांबी ७६२ मिमीच्या आसपास भरायला हवी. ७५४ भरली, म्हणजे १ टक्का आकुंचन. मग दात्यांच्या चाकांवर चालवू नका, कॅप्स्टनवर (बिनदात्यांच्या फिरत्या रुळावर) चालणारा स्कॅनर शोधा.